तुळशीदासचं वाढलेलं वजन

काटा दिसला की माझं डोकं फिरतं. आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मला नावं ठेवायला नकोत.

माझा जन्म गेला वेसाव्याच्या मासळी बाजारात. मी विकते ते वाट्यावर. पाटीवर बोंबलांचे वाटे लावायचे, गिऱ्हाईकाने बोट दाखवायचं, उचलायचं, चालू पडायचं. त्यात काट्याचं काम नाही. पण बंदरावर माल घ्यायचा तो किलोवर, आणि तिथे काटा असतो व्यापाऱ्याचा. काटा त्याचा म्हणजे पहिला डाव त्याचाच. बर्फासकट तोलेल, ओल्या टोपलीसकट तोलेल, आणि वर तोंड करून म्हणेल, "सखुबाई, तुमच्यासाठी खास." मीही काही दुधखुळी नाही. त्याने काट्याला बोट लावलं की मी कोपर लावते. अशी आमची रोज सकाळी मारामारी, आणि दोघंही खूश.

तर अशा बाईच्या भावाला हॉस्पिटलने दर सोमवारी काट्यावर उभं करायला सुरुवात केली. दुसरं काय होणार होतं?

तुळशीदास माझा धाकटा भाऊ. मला मूलबाळ नाही, नवरा कधीच गेला, आणि याने लग्नच केलं नाही. घरात आम्ही दोघं आणि आमची भांडणं. बोटीवर असताना जन्मभर गालात तंबाखू धरली, आणि शेवटी त्याच गालात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. गालाचा भाग काढला आणि मांडीचं मांस काढून तिथे लावलं. मी त्याला म्हटलं, "आता तुला थोबाडीत मारायची तर मी मारू कुठे?" तर तो हसला नाही. ऑपरेशनपासून तो हसतच नव्हता.

त्यात माझी वेगळीच पंचाईत. मी लहानपणापासून त्याला 'मेल्या' म्हणते. ऊठ मेल्या, जेव मेल्या, कुठे उलथला होतास मेल्या. रिपोर्ट आला आणि तो शब्द माझ्या जिभेवर अडकायला लागला. "ऊठ मे…" म्हणायचं आणि गप्प बसायचं. शिव्या गिळून गिळून माझंच बीपी वाढलं.

ऑपरेशननंतर रेडिएशन सुरू झालं. हॉस्पिटल घाटकोपरला. आमच्या वेसाव्याहून, तुमच्या भाषेत वर्सोव्याहून, मेट्रोत बसायचं, शेवटच्या स्टेशनला उतरायचं, वर थोडी रिक्षा. तिथे डोकं हलू नये म्हणून त्याच्या तोंडाच्या मापाचा जाळीचा मुखवटा बनवला होता. तो घालून मशीनखाली झोपवायचे. आणि सोमवारी रेडिएशनच्या आधी काटा.

काट्यापाशी संघमित्रा मॅडम. काय खायचं, किती खायचं हे बघणारी. पोरगी घाटकोपरचीच, अंगाने एवढीशी, पण आवाज असा की आमच्या बंदरावर लिलाव पुकारेल. पहिल्याच सोमवारी तिने मला बाजूला बसवलं.

"सखुबाई, नीट ऐका. आता यांचं तोंड सोलवटणार, गिळताना आग होणार, आणि हे खाणं टाळणार. पण वजन ढासळलं तर शरीर उपचार सोसत नाही. मग रेडिएशन मध्येच थांबवायची पाळी येते, आणि थांबलं की आजाराला आयतं फावतं. वजन टिकलं तर यांची जगण्याची आशा वाढते. आज एकाहत्तर आहे. पासष्टच्या खाली आलं तर नाकातून पोटात नळी घालून जेवण द्यायचं."

नळीचं नाव ऐकलं आणि तुळशीदास पांढराफटक पडला. त्याचं कारण आमचा शेजारी दादू. दादूने त्याला सांगून ठेवलं होतं, "नळी घातलेला माणूस परत येत नाही रे. माझ्या बापाला घातली, चार दिवसांत खलास." दादूचा बाप नव्वदीचा होता आणि गच्चीवरून खाली पडला होता, हे दादू सांगत नाही.

"बाय," रिक्षात तो मला म्हणाला, जड जिभेने, "नळी नको हां. नळी घातली की मी गेलो."

"कोण घालतंय बघते मी!" मी म्हटलं, आणि कंबर कसली.

काय काय नाही केलं! दुधात बदाम वाटून घातले. अंडं फेटून घातलं. रव्याची पातळ खीर, पापलेटचं गाळलेलं सूप, त्यात तूप, वर पुन्हा तूप. वाटी नेऊन खिडकीपाशी त्याच्या पुढ्यात ठेवायची. "ठेव तिथे, खातो," म्हणायचा. मी समोर बसले की एक चमचा तोंडात घालायचा आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला बघवायचं नाही, मी उठून आत जायची. परत यायची तेव्हा वाटी चाटूनपुसून लख्ख. मला काय आनंद! गल्लीत सगळ्यांना सांगत सुटले, माझा भाऊ तुपाची वाटी चाटून खातो. गल्लीतला एक बोका तेवढा हल्ली बरा नसावा, भिंतीवर उडी मारायचा आणि अर्ध्यातून खाली पडायचा. पण मला बोक्याकडे बघायला वेळ कुठला.

दुसऱ्या सोमवारी काटा म्हणाला, अडुसष्ट. तिसऱ्या सोमवारी, सहासष्ट.

आता तुम्हीच सांगा. वाट्या रिकाम्या होतायत, डबाभर तूप पोटात गेलंय, आणि वजन कमी? मी मॅडमला तोंडावर सांगितलं, "तुमचा काटा खोटा आहे."

"काटा दर महिन्याला तपासतात, सखुबाई."

"कोण तपासतं? तुमचीच माणसं ना?"

मॅडमने माझ्याकडे बघितलं आणि फाईल मिटली. पुढच्या सोमवारी नळीची तयारी ठेवूनच या, म्हणाली.

घरी येताना मी मेट्रोत मनाशी सगळं ठरवलं. माझ्या डोक्यात एवढंच शिरलं होतं की काट्याने पासष्टच्या वर दाखवलं तर रेडिएशन चालू राहतं आणि माझा भाऊ जगतो. खोटा काटा कसा सरळ करायचा हे मला कोणी शिकवायला नको. पोटमाळ्यावर तुळशीदासचं जुनं जाळं होतं. जाळं तळाला बसावं म्हणून खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. अर्ध्याअधिक गोळ्या कोणीतरी आधीच काढून नेलेल्या दिसल्या. म्हटलं, दादूने ढापल्या असणार, त्याला बघून घेईन. उरलेल्या मी काढल्या. बारीक झाल्यापासून तुळशीदासला एसीत हुडहुडी भरायची म्हणून तो जर्किन घालायचा. त्याचं अस्तर उसवलं, पाच किलो शिसं आत नीट पसरलं, आणि बारीक टाक्यांनी शिवून टाकलं. झकास काम झालं होतं. मी मेले तरी कोणाला कळलं नसतं.

सोमवारी सकाळी जर्किन घालताना तो मागेच गेला.

"बाय, जर्किन जड लागतंय गं. अशक्तपणा फार आलाय मला."

मी म्हटलं, "चल, चल. मेट्रो नको आज, सरळ घाटकोपरपर्यंत रिक्षा करू." मेट्रोत ते शिट्टी वाजणारं यंत्र अंगावरून फिरवतात ना, म्हणून.

एरवी मी रिक्षा म्हटलं की तो मेट्रो म्हणतो, आणि तो मेट्रो म्हणाला की मी रिक्षा. त्या दिवशी तो लगेच म्हणाला, "हो हो, रिक्षाच बरी." आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

तो काट्यावर चढला. आकडा आला चौऱ्याहत्तर.

"बघा!" मी ओरडले. "आज बोलला खरं!"

संघमित्रा मॅडमला काही आनंद झाला नाही. तिने त्याला उतरवलं, स्वतः काट्यावर उभी राहून पाहिलं, उतरली, त्याला पुन्हा चढवलं. पुन्हा चौऱ्याहत्तर. मग खाली वाकून त्याच्या पायाच्या नडगीवर बोटाने दाबलं. मग रेडिएशनच्या खोलीत फोन लावला. तिकडून काय ऐकलं कोण जाणे, तिच्या कपाळावर आठी पडली.

"मुखवटा गालावर ढिला झालाय म्हणतात. गाल बसलेत, आणि वजन आठवड्यात आठ किलो वाढलंय. हे खाण्याने वाढलेलं नाही. अंगात पाणी साठत असेल. किडनी किंवा हृदय." आणि डॉक्टरांशी बोलून आली ती हेच घेऊन, "आजचं रेडिएशन थांबवलंय. आधी सगळ्या तपासण्या."

जे होऊ नये म्हणून एवढा खटाटोप केला, तेच झालं! सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात मनात हिशेब झाला. शिसं मी घातलं पाच किलोचं. वाढलं आठ. मग वरचं तीन किलो आलं कुठून? म्हणजे मॅडम खरं बोलतेय! तीन किलो पाणी! अरे देवा, गालातून वाचवला तर आता किडनी!

मी तुळशीदासकडे बघितलं. तो माझ्याहून घाबरलेला. ओठ हलत होते, बोटांवर काहीतरी मोजत होता, आणि पुन्हा पुन्हा चुकल्यासारखं पहिल्यापासून मोजत होता.

आधी ईसीजी. तिथे नितेश नावाचा तरुण होता. "काका, जर्किन आणि शर्ट काढून झोपा," म्हणाला, आणि जर्किन घेऊन भिंतीच्या खुंटीला अडकवलं. खुंटी भिंतीच्या ढपल्यासकट खाली आली.

"काका, यात विटा आहेत की काय?" नितेश म्हणाला.

तुळशीदास काय झालं ते बघायला पलंगावरून अर्धा उठला, आणि पॅंटच्या आत त्याच्या कमरेला फडक्यात बांधलेलं काहीतरी सुटलं. एक गोळी पडली. मग दुसरी. मग धबाधबा सगळ्याच. शिशाच्या गोळ्या लाद्यांवर चहूकडे घरंगळल्या, एक नितेशच्या चपलेखाली गेली आणि तो खुर्ची धरून वाचला.

मी तुळशीदासकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मग दोघांनी जर्किनकडे बघितलं.

"जाळ्याच्या गोळ्या तू नेल्यास?" मी म्हटलं.

"सहा किलो. नळी नको म्हणून." मग त्याने भुवया चढवल्या. "जर्किनमध्ये तू?"

"पाच."

त्याने बोटांवर पुन्हा मोजलं. आणि मग त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "म्हणजे बाय, पाणी नाही! मी सहा घातले नि आठ वाढले, मी म्हटलं वरचे दोन किलो पाण्याचे, संपलो मी!"

"मी म्हटलं तीन पाण्याचे!"

"किडनी बरी आहे!"

"बरी आहे रे, ठणठणीत आहे!" आणि मी त्याचे हात धरले, आणि आम्ही दोघं त्या ईसीजीच्या खोलीत हळदीला नाचल्यासारखे हलायला लागलो. नितेश खाली वाकून गोळ्या वेचत होता. दारात संघमित्रा मॅडम कधीपासून उभी होती ते देवाला ठाऊक.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, "चला, काट्यावर."

हाफ पॅंटवर तो काट्यावर उभा राहिला. त्रेसष्ट.

आम्हा दोघांचा नाच तिथेच संपला. एकाहत्तर किलोचा माणूस होता माझा भाऊ. बरगड्या मोजता येत होत्या, गळ्याखाली वाटीएवढे खड्डे पडले होते. रोज बघत होते मी त्याला, आणि जर्किनच्या वरून बघत होते. मला रडूच फुटलं.

"मग वाट्या?" मी म्हटलं. "त्या वाट्या कोणी चाटल्या?"

त्याने मान खाली घातली. "बोक्याने."

"मेल्या!" निघालंच तोंडातून. सगळे महिने गिळलेलं एकदम बाहेर आलं. "मेल्या, मुडद्या, मी पहाटे उठून बदाम सोलते आणि तू बोका पोसतोस? त्या बोक्याला भिंतीवर चढता येत नाही, इतका लठ्ठ केलास आणि स्वतःची काडी केलीस! तुला जगायचं नाही का रे? मी एकटी त्या घरात कोणाशी भांडू? त्या दादूशी?"

"गिळलं की आग होते, बाय," तो म्हणाला. "काचा गिळल्यासारखं होतं. तू समोर रडवेली होऊन बसायचीस. सांगायला नको वाटलं."

मी माझा पदर त्याच्या उघड्या खांद्यांवर टाकला.

संघमित्रा मॅडम त्याच्यासमोर स्टुलावर बसली. "तुळशीदासकाका, माझ्या काट्याला फसवून मला काही नुकसान नाही. हा आकडा मी परीक्षेचे मार्क म्हणून लिहीत नाही. आग होते म्हणूनच तर नळी. जेवण घशाला न लागता पोटात जातं. उद्या रेडिएशन पुन्हा सुरू करता येईल, आजचा दिवस भरून काढू. पण नळी आज."

"नाही," तो म्हणाला. "नळी घातलेला परत येत नाही. मला घरी ने, बाय. जायचं तर घरून जाईन."

सिस्टर ट्रे घेऊन आली होती. त्यात ती नळी. मी पहिल्यांदाच नीट बघितली. बघितलं तर काय, शेवयाएवढी बारीक, लवचीक, आमच्या गरीच्या दोरीहून थोडी जाड. एवढ्याशा गोष्टीला घाबरून आम्ही दोघांनी मिळून अकरा किलो शिसं वाहिलं होतं.

माझं डोकं फिरलं. पाकीट फाडलं आणि नळी उचलली.

"सखुबाई, खाली ठेवा ती!" मॅडम ओरडली, तोच लिलावाचा आवाज.

मी ऐकते होय! टोक सरळ घातलं नाकात. बोटभर आत गेलं असेल नसेल, आणि डोक्यात असं काही झिणझिणलं की मी शिंकले. अशी शिंकले की सिस्टरच्या हातातला ट्रे उडाला, नितेश बाहेरून धावत आला, आणि बाहेर बाकावरच्या एका आजीने "शंभर वर्षं जग गं बाई" म्हटलं. नाकात नळी लोंबकळतेय, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि मी तुळशीदासच्या अंगावर ओरडतेय, "बघ! मेले का मी? सांग ना, मेले का?"

त्याने माझ्याकडे टक लावून बघितलं. त्याच्या तोंडाची चांगली बाजू थरथरली. मला वाटलं, आता हा रडतो.

"बाय," तो म्हणाला, "तू लांब मिशांची शेवंड दिसतेस."

आणि हसला. अर्ध्याच तोंडाने, दुसऱ्या बाजूने लाळ गळत, पण पोट धरून हसला. कितीतरी महिन्यांनी हसला मेला. मीही हसायला लागले, मग सिस्टर, मग मॅडमसुद्धा तोंडावर फाईल धरून.

हसून दमला तेव्हा डोळे पुसत मॅडमला म्हणाला, "घाला. पण दुसरी घाला, हिच्या नाकातली नको."

नळी घातली. ओकारी आली, डोळ्यांत पाणी आलं, आणि झालं. मॅडमने मला दोनदा करून दाखवलं, माझ्याकडून तीनदा करवून घेतलं. आधी थोडं पाणी, मग जेवण पातळ करून गाळून, हळूहळू, बसवूनच, आणि सांगितलं त्याच्यावर एक थेंब नाही.

दुसऱ्या दिवशी मुखवटा नव्याने बसवला, रेडिएशन झालं, आणि दुपारी घरी मी पहिल्यांदा एकटीने त्याला जेवण द्यायला बसले. खिडकी आधी लावून घेतली. मॅडमने दिलेल्या पावडरीत कालवलेलं पापलेटचं सूप, दोनदा गाळलेलं. पिचकारी नळीला लावली, हात वर धरला, आणि बघत बसले. सूप नळीतून खाली उतरत होतं, आणि मी पिचकारीवरचा एकेक आकडा तोंडाने मोजत होते.

अर्धं झाल्यावर तो म्हणाला, "मीठ नाही."

"तुला रे काय कळतंय? जिभेला लागलं तरी का?"

"चाखून बघ."

चाखलं. मिठाचा कण नव्हता.

"चुलीपुढे उभी राहून रडत होतीस," तो म्हणाला. "मी इथून बघत होतो. मीठ घातलंच नाहीस तू."

उरलेलं दिलं, वर पाणी दिलं, नळीचं टोक बंद केलं, भांडं उचललं. दारापर्यंत गेले असेन, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाय. अजून दे."

मला वाटलं, चेष्टा करतोय. वळून बघितलं तर तो बसला होता दोन्ही हात मांडीवर ठेवून, लहानपणी ताटावर बसायचा तसा, आणि माझ्या हातातल्या भांड्याकडे बघत होता.

सांगितल्याच्या वर एक थेंब नाही, असं मॅडमने बजावलेलं. मी फोन लावला. तिने उचलला आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. नुसती मुसमुसतेय.

"सखुबाई? काय झालं? नळी निघाली का? ठसका लागला? बोला ना सखुबाई, काय झालं?"

"मॅडम," मी म्हटलं, "तो अजून मागतोय."